छायाचित्रांची दुसरी प्रत : ती संगणकावांचून कशी ठेवावी

पुढील हंगामाचें बियाणें शेतकरी सगळेंच्या सगळें एका कणगींत ठेवीत नाहीं. कांहीं कणगींत, कांहीं मडक्यांत राख मिसळून, तर निवडक कणसें आढ्याला टांगून, असें तो तें वांटून ठेवतो. एका ठिकाणीं कीड लागली अगर ओल शिरली तरी पेरणी अडूं नये, हा त्यांतील हेतु. ही दक्षता आमच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु अलीकडे शेतकऱ्याच्या घरांत एक नवा सांठा जमूं लागला असून त्याच्या बाबतींत मात्र ही दक्षता क्वचितच आढळते. हा सांठा म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यानें काढलेलीं छायाचित्रें होत.

छायाचित्र ही आतां केवळ लग्नकार्याची हौस राहिलेली नाहीं. द्राक्षाच्या पानावर केवडा दिसूं लागला कीं बागाईतदार प्रथम त्याचें छायाचित्र घेतो व तें जाणत्या माणसास दाखवितो. बांध कोठून कोठपर्यंत होता, विहिरीचें काम कोणत्या महिन्यांत किती खोल गेलें, ठिबकाच्या नळ्या कोणत्या ओळींखालून टाकल्या, हें सर्व छायाचित्रांत राहतें. पुरानें एखाद्या शेताची माती खरवडून नेली म्हणजे ती जमीन आदल्या वर्षीं कशी होती हें सांगणारें दुसरें साधन पुष्कळदां उरत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि तेव्हांपासून खुद्द शेतकऱ्यानेंच उभ्या पिकाचें छायाचित्र घेऊन पिकाची नोंद करण्याची रीत पडली. सारांश, छायाचित्र हा आतां शेताच्या दप्तराचाच एक भाग झाला आहे.

असें असतां हें दप्तर बहुतेक घरीं नखाएवढ्या एका कार्डावर पडून असतें. कार्ड भरलें म्हणजे घरांतील एखादा मुलगा जुनीं छायाचित्रें पुसून जागा करतो, आणि काय पुसलें गेलें हें वर्षानें कळतें. “आमच्याकडे संगणक नाहीं, मग उतरवून ठेवावयाचें कशावर?” असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या मनांत असतो. त्या प्रश्नाचें उत्तर देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. संगणकाची गरज नाहीं. ज्या घरीं बरा मोबाइल आहे त्या घरीं हें काम अर्ध्या तासांत होतें. मात्र तें कोणत्या क्रमानें करावें आणि कोणता ताळा पाहिल्याशिवाय कार्ड पुसूं नये, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

एकुलत्या एका प्रतीचें काय होतें

एकाच ठिकाणीं ठेवलेल्या वस्तूचें काय होतें याचे दाखले पुणें शहराइतके दुसरीकडे क्वचितच सांपडतील. १२ जुलै १९६१ रोजीं आंबी नदीवरील पानशेतचें धरण फुटलें. त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें जुनें धरणहि टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी शनिवार, नारायण, कसबा, सोमवार इत्यादि नदीकांठच्या पेठांतून व डेक्कनच्या भागांतून शिरलें. भांडींकुंडीं आणि धान्य पुन्हां घेतां आलें. परंतु पेट्यांतील कागदपत्रें आणि भिंतीवरील तसबिरी पुन्हां घेण्यासारख्या नव्हत्या. मूळ तसबीर माजघरांत आणि तिची दुसरी प्रत वरच्या खोलींतील ट्रंकेंत असली तरी तिचा उपयोग झाला नाहीं, कारण जेथें वाडाच बसला तेथें दोन्ही प्रती एकदम गेल्या. ज्या घरची एखादी प्रत परगांवच्या नातलगाकडे होती त्यालाच ती पुन्हां मिळवितां येण्यासारखी होती.

ही जुनी गोष्ट झाली असें कोणी म्हणूं नये. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानें सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरच्या रात्रीं पुण्यांत आंबिल ओढ्याला पूर येऊन कांठच्या वस्त्यांत पाणी घुसलें. आणि २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घराघरांतून पाणी भरलें. पाणी येतें तें बहुधा रात्रीं अगर पहाटे येतें, आणि त्या वेळीं कपाटांतील कार्ड कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

आगीचाहि दाखला पुण्यांतच आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली. पुढें १९६४ सालीं याच शहरांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें व देशांतील जुने चित्रपट जपण्याचें काम त्यानें हातीं घेतलें. जुने चित्रपट नायट्रेटच्या फितीवर असत. ही फीत फार लवकर पेट घेते, आणि एकदां पेटली म्हणजे ती विझविणें अत्यंत कठीण असतें. ८ जानेवारी २००३ रोजीं प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठ्यांत ठेवलेल्या अशा फितींना आग लागली व पुष्कळ मोठा सांठा जळाला. ज्या चित्रपटांची प्रत आधींच न पेटणाऱ्या फितीवर उतरविलेली होती ते चित्रपट म्हणून टिकले. ज्यांची तशी प्रत झालेली नव्हती त्यांना दुसरा आधार नव्हता. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हें सर्व तज्ज्ञ माणसांच्या देखरेखीखालील कोठ्यांत घडलें. म्हणजे केवळ काळजीपूर्वक जपून ठेवणें पुरत नाहीं. जपणुकीला दुसऱ्या प्रतीची जोड असावी लागते.

याच्या उलट बाजूचें उदाहरणहि पुण्यांत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें केलें. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें जमा करून पाहण्यांत आलीं. काश्मीर, नेपाळ, बंगाल, मलबार अशा दूरदूरच्या प्रदेशांत त्या ग्रंथाच्या प्रती होत्या म्हणूनच हें काम शक्य झालें. एका प्रांतांतील प्रती वाळवीनें खाल्ल्या तरी दुसऱ्या प्रांतांतील टिकल्या. त्या प्रती करणारांना आमच्याहून अधिक चांगलें साधन नव्हतें. त्यांच्याजवळ बोरू होता आणि अनेक ठिकाणीं प्रत ठेवण्याची रीत होती.

कार्डाचें स्वरूप

कॅमेऱ्यांत जें कार्ड बसवितात त्यास सामान्यतः एसडी कार्ड म्हणतात. त्यांत फिरणारा भाग नसतो. छायाचित्र सूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपानें सांठविलेलें असतें. २ जीबीपर्यंतचें कार्ड साध्या जातीचें, त्यापुढें ३२ जीबीपर्यंतचें एसडीएचसी, आणि त्याहून मोठें तें एसडीएक्ससी, असे त्याचे प्रकार आहेत. जुन्या कॅमेऱ्यांत मोठें कार्ड चालत नाहीं, सबब खरेदीपूर्वीं कॅमेऱ्याच्या पुस्तिकेंत पाहून घ्यावें. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचें साधें छायाचित्र सुमारें ८ एमबीचें धरलें तर ३२ जीबीच्या कार्डावर हिशेबानें जवळजवळ ४००० छायाचित्रें बसतात. म्हणजे दोन-तीन हंगामांचें सारें दप्तर एका कार्डावर राहूं शकतें, आणि धोका आहे तो नेमका येथेंच.

कार्ड बिघडतें तें अनेक कारणांनीं. पितळी पट्ट्यांवर धूळ व घाम बसतो. लिहिणें चालू असतां बॅटरी संपते. खिशांत कार्ड वांकतें. स्वस्त म्हणून घेतलेलें कार्ड बनावट निघतें आणि त्यावर छापलेल्या जागेच्या चौथा हिस्साहि त्यांत नसतो. शिवाय विजेचा संबंध न येतां वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या कार्डांतील विद्युत्‌भार हळूहळू ओसरतो. हाच गुणधर्म पेनड्राइव्हचाहि आहे. म्हणून “कार्ड काढून कपाटांत ठेवलें, आतां काळजी नाहीं” ही समजूत बरोबर नाहीं.

संगणकावांचून मार्ग कसा निघाला

संगणकाशिवाय छायाचित्रें उतरविण्याची गरज प्रथम भासली ती प्रवासी छायाचित्रकारांस. त्यांच्यासाठीं कंपन्यांनीं कार्डाची खांच असलेलीं लहान सांठा-यंत्रें काढलीं. एप्सन कंपनीचें पी-२००० हें २००४ सालचें यंत्र त्यांपैकींच. त्यांत ४० जीबीची डिस्क व छायाचित्र पाहण्याचा पडदा होता. २०१४ सालीं वेस्टर्न डिजिटल कंपनीनें माय पासपोर्ट वायरलेस नांवाची डिस्क काढली. तिच्याच कडेला कार्ड बसविण्याची सोय होती. अशीं यंत्रें आतां नवीं सहसा मिळत नाहींत, आणि जुनें विकत घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाहीं, कारण त्यांतील बॅटरी म्हातारी झालेली असते.

त्यांची जागा मोबाइलनें घेतली आहे. मोबाइलला पेनड्राइव्ह अगर कार्ड परस्पर जोडण्याच्या पद्धतीस ओटीजी म्हणतात. तिचा नमुना २००१ सालीं ठरला आणि ॲण्ड्रॉइडच्या मोबाइलांत ती सोय २०११ पासून येऊं लागली. आयफोनमध्यें बाहेरचा पेनड्राइव्ह उघडण्याची सोय २०१९ सालच्या तेराव्या आवृत्तीपासून झाली. सबब गेल्या कांहीं वर्षांतील बहुतेक बऱ्या मोबाइलांत ही शक्ति असते. तिचा उपयोग मात्र थोडेच करतात.

लागणारें साहित्य असें : मोबाइलच्या तोंडाला बसेल असा एक कार्ड रीडर, त्याच तोंडाचा अगर ओटीजी जोडणीसह एक पेनड्राइव्ह किंवा लहान एसएसडी डिस्क, आणि शक्य असल्यास एक हब, म्हणजे एका तोंडाला दोन-तीन वस्तु जोडतां येतील असा फांटा. पुण्यास कामानिमित्त येणाऱ्या वाचकांस या वस्तु बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत पाहतां येतील. तालुक्याच्या मोबाइल दुकानांतहि आतां त्या मिळतात. पेनड्राइव्ह नांवाजलेल्या कंपनीचा व पावतीसह घ्यावा. बाजारभावाच्या निम्म्या किंमतींत दुप्पट जागा कोणी देऊं लागला तर तो माल बनावट समजावा.

उतरविण्याची कृति

पहिली रीत, ज्यांच्याजवळ हब नाहीं त्यांच्यासाठीं :

(१) मोबाइलची बॅटरी निदान अर्धी भरलेली असावी, आणि जितकीं छायाचित्रें आहेत त्याहून अधिक जागा मोबाइलमध्यें मोकळी असावी.

(२) कॅमेरा बंद करून मगच कार्ड काढावें. कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो ‘लॉक’कडे सरकविला म्हणजे कार्डावर कांहीं लिहिलें अगर पुसलें जात नाहीं. उतरवितांना खटका याच बाजूस असावा. चुकून पुसलें जाण्याचें भय त्यामुळें पुष्कळ कमी होतें.

(३) कार्ड रीडरमध्यें बसवून रीडर मोबाइलला जोडावा. कांहीं मोबाइलांत ओटीजीची सोय सेटिंगमध्यें जाऊन प्रथम सुरू करावी लागते.

(४) मोबाइलच्या ‘फाइल्स’ या दालनांत कार्ड दिसूं लागेल. त्यांत ‘डीसीआयएम’ नांवाचें फोल्डर असतें. कोणत्याहि कंपनीचा कॅमेरा असला तरी छायाचित्रें त्याच्याच पोटांत असतात.

(५) मोबाइलमध्यें एक नवें फोल्डर करावें व त्यास दिनांकाचें नांव द्यावें. प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि शेवटीं विषय लिहावा; जसें ‘२०२५-१०-०५ द्राक्ष छाटणी’. या क्रमानें लिहिल्यास फोल्डरें आपोआप सालवार लागतात.

(६) सर्व छायाचित्रें निवडून ‘कॉपी’ हा शब्द दाबावा. ‘मूव्ह’ हा शब्द कदापि दाबूं नये. ‘मूव्ह’मध्यें मूळ छायाचित्र कार्डावरून काढून घेतलें जातें, आणि काम मध्येंच तुटलें तर तें ना येथें ना तेथें अशी गत होते.

(७) काम पुरें झाल्यावर ‘इजेक्ट’ करून मगच रीडर काढावा. नंतर त्याच रीतीनें पेनड्राइव्ह जोडून मोबाइलमधील तें फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावें.

दुसरी रीत हब असलेल्यांची. हबला एकीकडे रीडर व दुसरीकडे पेनड्राइव्ह लावून कार्डावरून थेट पेनड्राइव्हवर प्रत करतां येते. मोबाइलमध्यें जागा नसली तरी चालतें. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जोडावयाची असल्यास मात्र चार्जर लावतां येण्याजोगा हब घ्यावा. अशी डिस्क चालू होतांना बरीच वीज ओढते, ती पुष्कळशा मोबाइलांना पुरवितां येत नाहीं, आणि डिस्क टकटक करीत बंद पडते. पेनड्राइव्ह व लहान एसएसडी यांना वीज कमी लागते, म्हणून शेतकऱ्याच्या घरीं त्याच बऱ्या.

तिसरी रीत कॅमेरा तारेनें थेट मोबाइलला जोडण्याची. रीडर हरवला असल्यास ती उपयोगी पडते. परंतु तींत कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होते.

चौथी बिनतारी. अनेक कॅमेऱ्यांतून छायाचित्र वाय-फायनें मोबाइलवर पाठवितां येतें. येथें एक दक्षता घेतली पाहिजे ती ही कीं, कित्येक कॅमेरे या मार्गानें मूळ छायाचित्र न पाठवितां त्याची लहान नक्कल, बहुधा २ मेगापिक्सेलची, पाठवितात. पानावरचा डाग पाहण्यास ती पुरत नाहीं. ‘मूळ आकार’ असा पर्याय कॅमेऱ्यांत निवडल्याशिवाय ही रीत दुसरी प्रत म्हणून मानूं नये.

वेळेविषयीं म्हणाल तर ८ जीबीचीं छायाचित्रें चांगल्या साधनांनीं पांच-सात मिनिटांत उतरतात. पेनड्राइव्ह मंद असला तर वीस-पंचवीस मिनिटें लागतात. तेवढा वेळ मोबाइल हलवूं नये व त्यावर आलेला फोन घेऊं नये. जोडणीची तार जरा हलली तरी काम तुटतें.

पेनड्राइव्हच्या जातीविषयींहि एक सूचना करणें अवश्य आहे. पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ या पद्धतीनें फॉरमॅट केलेला असावा. ‘फॅट ३२’ पद्धतींत ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाहीं, सबब लांब चलच्चित्र असल्यास तें अडतें. आणि ‘एनटीएफएस’ पद्धतीचा पेनड्राइव्ह पुष्कळ मोबाइल ओळखीत नाहींत. फार जुना मोबाइल ‘एक्सफॅट’ ओळखीत नसेल तर त्याच्यापुरता ‘फॅट ३२’ बरा. फॉरमॅट केल्यानें आंतील सर्व कांहीं नाहींसें होतें, म्हणून तें नव्या, रिकाम्या पेनड्राइव्हवरच करावें.

ताळा पाहणें

जमाखर्च लिहिणारा माणूस ताळा जुळल्याशिवाय वही मिटत नाहीं. प्रत उतरविण्यांतहि सर्वांत महत्त्वाचें काम हेंच होय. आणि घाईंत लोक नेमकें तेंच गाळतात.

प्रथम संख्या पाहावी. कार्डावरील फोल्डरमध्यें ४१२ छायाचित्रें असतील तर पेनड्राइव्हवरहि ४१२ असलीं पाहिजेत. मग एकूण आकार पाहावा. त्यानंतर पहिलें, शेवटलें व मधलीं चार-पांच छायाचित्रें पेनड्राइव्हवरून उघडून मोठीं करून पाहावीं. यादींत नांव दिसलें म्हणजे छायाचित्र शाबूत आहे असें होत नाहीं. अर्धवट उतरलेलें छायाचित्र खालच्या भागीं करड्या रंगाचें दिसतें. हा ताळा पेनड्राइव्ह एकदां काढून पुन्हां जोडून मग पाहिला तर अधिक भरंवशाचा.

नांवांचा घोंटाळाहि ध्यानांत ठेवावा. कॅमेरा छायाचित्रांना ०००१ पासून ९९९९ पर्यंत अंक देतो व मग पुन्हां ०००१ पासून आरंभ करतो. कांहीं कॅमेरे तर दर नव्या कार्डावर ०००१ पासून सुरू होतात. यामुळें मागील वर्षाचें व या वर्षाचें छायाचित्र एकाच नांवाचें असूं शकतें. दोन्ही एका फोल्डरमध्यें टाकूं गेल्यास मोबाइल “बदली करूं काय?” असें विचारतो, आणि ‘होय’ म्हटलें कीं जुनें गेलें. दर वेळीं दिनांकाचें नवें फोल्डर करावें असें आम्हीं वर म्हटलें त्याचें हें कारण.

कॅमेऱ्याचें घड्याळहि तपासावें. बॅटरी पुष्कळ दिवस बाहेर राहिली तर पुष्कळ कॅमेऱ्यांत दिनांक मूळपदावर जातो आणि कालच्या गारपिटीच्या छायाचित्रावर दहा-बारा वर्षांपूर्वींची तारीख पडते. ज्या छायाचित्राचा उपयोग पुरावा म्हणून व्हावयाचा त्याची किंमत अशा तारखेनें शून्य होते. त्याचप्रमाणें व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेलें छायाचित्र आकुंचित होतें व त्याच्या पोटांतील दिनांक-स्थळाची नोंदहि निघून जाते. पाठवावयाचेंच झाल्यास तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें. व्हॉट्सॲपवर पाठविलें म्हणजे प्रत झाली, हा समज सोडून द्यावा.

दोन ठिकाणीं प्रत झाली व ताळा जुळला, म्हणजेच कार्ड रिकामें करावें. आणि तें कॅमेऱ्यांतील ‘फॉरमॅट’नें करावें, मोबाइलवर एकएक पुसून नव्हे. कधीं चुकून पुसलें गेलेंच तर त्या कार्डावर पुढें एकहि छायाचित्र घेऊं नये. पुसल्यानें बहुधा यादींतील नोंदच जाते आणि मूळ मजकूर त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत टिकून असतो. तसेंच कार्ड जाणत्या माणसाकडे नेल्यास पुष्कळदां छायाचित्रें परत मिळतात.

प्रती कोठें ठेवाव्या

पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें आपल्या २००५ सालच्या पुस्तकांतून एक सुटसुटीत नियम प्रचारांत आणला. प्रती तीन असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. आमच्या घरांस हा नियम असा लावतां येईल : एक प्रत पेनड्राइव्हवर घरीं, दुसरी हार्ड डिस्क अगर एसएसडीवर, आणि तिसरी दुसऱ्या पेनड्राइव्हवर परगांवीं, लेकीच्या सासरीं अगर शहरांत नोकरीस असलेल्या भावाकडे. दिवाळीस अगर उन्हाळ्यांत येणेंजाणें असतेंच. त्या वेळीं जुना पेनड्राइव्ह आणावा व नवा द्यावा. पानशेतच्या पुरानें पुण्यास जो धडा दिला तो हाच कीं, घरांतल्या घरांत ठेवलेल्या दोन प्रती संकटकाळीं एकच असतात.

घरची प्रत झांकणाच्या कोरड्या डब्यांत ठेवावी. चुलीजवळ, पत्र्याखालील माळ्यावर, अगर खतें व औषधें ठेवण्याच्या खोलींत ती ठेवूं नये. उष्णता, ओल व क्षार हीं तिन्ही तिला घातक आहेत. डब्यावर आंत काय आहे तें शाईनें लिहावें, नाहींतर पांच वर्षांनीं तो पेनड्राइव्ह कोणाचा हें कोणासच सांगतां येणार नाहीं. वर्षांतून एकदां सर्व प्रती मोबाइलला जोडून पाहाव्या व पेनड्राइव्हवरील मजकूर नव्यानें उतरवून घ्यावा. खंडेनवमीस आपण अवजारें पुसून त्यांची पूजा करतोंच. तोच दिवस यासाठीं नेमल्यास विसर पडणार नाहीं.

कित्येक म्हणतील कीं, इंटरनेटवर ठेवलें कीं काम झालें. इंटरनेटवरील जागा ही घराबाहेरची प्रत म्हणून चांगली आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्या अटी जाणून असाव्या. गूगलकडे पूर्वीं आकुंचित छायाचित्रें अमर्याद ठेवतां येत; १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली आणि आतां फुकट जागा सर्व मिळून १५ जीबी आहे. दोन वर्षें न वापरलेलें खातें काढून टाकण्याचा अधिकारहि त्या कंपनीनें २०२३ पासून आपल्याकडे घेतला आहे. शिवाय परवलीचा शब्द एकट्या मुलाला ठाऊक आणि मुलगा परगांवीं, अशी स्थिति पुष्कळ घरांत असते. सबब इंटरनेट असलें तरी हातांतील पेनड्राइव्ह सोडूं नये.

फोटो स्टुडिओंत अगर संगणकाच्या दुकानांत कार्ड देऊन प्रत करून घेण्याचीहि चाल आहे. नड असल्यास तसें करावें. पण तेथें स्वतः उभें राहून करून घ्यावें. कार्डावर घरच्या माणसांचीं छायाचित्रें व खरेदीखताच्या नकला असतात, त्या परक्याच्या संगणकावर मागें राहूं देणें बरें नव्हे. आणि खरेदीखत, फेरफार, सातबारा यांच्या छायाचित्रांविषयीं एक गोष्ट स्पष्ट करूं : तीं आठवणीसाठीं व क्रमांक सांपडण्यासाठीं फार उपयोगी आहेत, परंतु मूळ कागदाची जागा तीं घेत नाहींत. मूळ कागद जपलाच पाहिजे.

खर्च व एकोपा

रीडर कांहींशें रुपयांत येतो, आणि पेनड्राइव्हचा खर्च एका फवारणीच्या औषधाहून सहसा अधिक नसतो. तरीहि तो प्रत्येक घरानें करावा असें नाहीं. पांच-सहा घरांनीं मिळून एक हब व एक रीडर घ्यावा आणि तो विकास सोसायटीच्या अगर वाचनालयाच्या कपाटांत ठेवावा. पेनड्राइव्ह मात्र ज्याचा त्याचा असावा. गांवांत शाळा-कॉलेजांत जाणारीं मुलें हें काम दोनदां पाहून शिकतात. त्यांच्याकडून तें एकदां करवून घ्यावें आणि नंतर घरधन्यानें स्वतः करून पाहावें, कारण मुलें शिक्षणासाठीं बाहेर जातात आणि दप्तर घरींच राहतें.

ज्या वाचकांचें कार्ड आज भरत आलेलें असेल त्यांनीं तें पुसण्यापूर्वीं एक पेनड्राइव्ह आणावा, वर सांगितल्या रीतीनें प्रत करावी, संख्या मोजावी, आणि तो पेनड्राइव्ह पुढील खेपेस परगांवीं जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवून द्यावा. उरलेल्या प्रती सवडीनें करतां येतील.